एफडी मोडायचा अर्ज आला, की अर्जदाराशी बोला

प्रति,
मा. सदस्य,
महाराष्ट्रातील सर्व मोटार अपघात दावा न्यायाधिकरणे

महोदय / महोदया,

अपघाताच्या दाव्याचा निवाडा देताना आपल्या आदेशाचा शेवटचा भाग बहुतेक वेळा ठरलेला असतो. भरपाईपैकी अमुक इतकी रक्कम अर्जदाराच्या खात्यात जमा करावी, उरलेली राष्ट्रीयीकृत बँकेत पाच वर्षांच्या मुदत ठेवीत ठेवावी, व्याज दरमहा अर्जदाराला द्यावे, ठेवीवर कर्ज देऊ नये आणि न्यायाधिकरणाच्या परवानगीशिवाय ती मोडू देऊ नये. तिथे आपले काम संपते आणि बँकेचे सुरू होते. जिल्हा न्यायालयाला लागून असलेल्या एका शाखेत मी बरीच वर्षे ठेवींच्या टेबलावर होते. आदेशाचा शिक्का मारलेल्या त्या पावत्या माझ्या हातून गेल्या आणि ‘मॅडम, ही मोडता येईल का’ असे विचारणारी माणसेही माझ्याच समोर बसली. मी त्यांना कोर्टात अर्ज करायला सांगत असे. पुढे त्या अर्जाचे काय होते, तेही मला दिसत असे, कारण मंजूर झाला तरी आदेश माझ्याच टेबलावर यायचा आणि नामंजूर झाला तर माणूस परत यायचा.

त्या अनुभवावरून आपल्याकडे एकच मागणी करते. असा अर्ज मंजूर करा किंवा फेटाळा, तो आपला अधिकार आहे. पण त्याआधी अर्जदाराला समोर बसवून स्वतः बोला. वकिलाशी नव्हे, सोबत आलेल्या दिराशी नव्हे, ज्याचे पैसे आहेत त्याच्याशी.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. ठेवीचे बंधन उठवा, असे मी म्हणत नाही. ते बंधन हवेच. भरपाई जमा झाली ही बातमी गावात आधी पोहोचते आणि पासबुक नंतर. ज्या बाईला नवऱ्याच्या हयातीत कधी बँकेची पायरी माहीत नव्हती, तिच्यासोबत अचानक तीन-चार जण बँकेत यायला लागतात. कोणी टक्केवारी मागायला येतो, कोणी ‘प्लॉट बघून ठेवलाय’ म्हणून येतो. अशा वेळी पावतीवरचा शिक्का हाच तिचा एकमेव आधार असतो. ‘कोर्टाची ऑर्डर आहे, मला काही करता येत नाही’ हे वाक्य ती त्यांना ऐकवू शकते, आणि मीही तिच्या वतीने कितीतरी वेळा ऐकवले आहे.

हे बंधन जिथून आले, तिथे मात्र ते इतके ताठर नव्हते. गुजरात उच्च न्यायालयाने १९८२ मध्ये यासंबंधी मार्गदर्शक सूत्रे घालून दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये केरळ राज्य परिवहन महामंडळ विरुद्ध सुसम्मा थॉमस या प्रकरणात ती उचलून धरली. त्यातला ‘ठेव ठेवा, कर्ज देऊ नका’ हा भाग आपल्या आदेशांत अक्षरशः उतरतो. त्याच सूत्रांतला उरलेला भाग क्वचित दिसतो. अर्जदार निरक्षर असला तरी शेतीची अवजारे, रिक्षा अशा पोटापाण्याच्या साधनासाठी एकरकमी पैसे देता येतील, फक्त ते त्याच कामी लागतात याची खात्री करावी, असे तिथे म्हटले आहे. रक्कम मोठी असेल तर एकाऐवजी अनेक पावत्या कराव्यात, म्हणजे गरज पडल्यास एखादीच मोडता येईल, हेही आहे. आणि अडीअडचणीला पैसे काढण्यासाठी अर्ज करण्याची मुभा प्रत्येक प्रकरणात द्यावी, हेही आहे.

पुढे २०१२ मध्ये ए. व्ही. पद्मा विरुद्ध आर. वेणुगोपाल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की ही सूत्रे अर्जदाराच्या हितासाठी आहेत. न्यायाधिकरणे ती यांत्रिकपणे लावतात, माणूस कोण, शिकलेला किती, गरज काय हे पाहत नाहीत, याबद्दल न्यायालयाने स्पष्ट नाराजी नोंदवली. त्यानंतरही माझ्या टेबलावर येणाऱ्या आदेशांची भाषा फारशी बदलली नाही.

ती न बदलल्याने काय होते, ते एका प्रकरणावरून सांगते. नाव-गाव सांगत नाही. तिशीतली बाई, नवरा टेम्पोवर चालक होता. सहा लाखांची एकच पावती, व्याज साधारण सात टक्के, म्हणजे महिन्याला तिच्या खात्यात येणारे सुमारे साडेतीन हजार रुपये. एके दिवशी ती आली आणि ‘पावती हरवली, डुप्लिकेट मिळेल का’ असे विचारू लागली. हरवल्याचा अर्ज लिहून घेताना मी नेहमीप्रमाणे कुठे हरवली, कधी हरवली विचारले, तेव्हा ती गप्प झाली. मग हळूहळू सगळे बाहेर आले. मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी दीड लाख हवे होते. तिने पावती मोडण्यासाठी अर्ज केला होता. दोन तारखा विमा कंपनीचे म्हणणे दाखल व्हायचे राहिले म्हणून गेल्या. वास्तविक कंपनीने पैसे कधीच भरले होते आणि तिचा या ठेवीशी आता काही संबंध उरलेला नव्हता. नंतर एका ओळीचा आदेश झाला : सबळ कारण दिसून येत नाही, सबब अर्ज नामंजूर. तोपर्यंत प्रवेशाची मुदत जवळ आली होती. तिने गावातल्या एकाकडून दीड लाख घेतले, शेकडा तीन रुपये महिना दराने. तारण म्हणून त्याने मूळ पावती, कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही आणि ज्या खात्यात व्याज जमा होते त्याचे एटीएम कार्ड ठेवून घेतले.

हिशेब आपणच मांडून पाहा. दीड लाखाला शेकडा तीन म्हणजे महिन्याला साडेचार हजार. तिच्या सहा लाखांचे व्याज साडेतीन हजार. म्हणजे स्वतःचे सहा लाख बँकेत सुरक्षित असताना ती दरमहा त्यांचे सगळे व्याज सावकाराला देत होती आणि वर मजुरीतले हजार रुपये घालत होती. मुद्दल तसेच. पावतीवर कर्ज देऊ नये हा आपला आदेश आम्ही तंतोतंत पाळला होता. कर्ज बँकेबाहेर झाले होते.

महाराष्ट्रात सावकारीचा २०१४ चा कायदा आहे, परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे, हे तिला सांगून मी तिला निबंधक कार्यालयाचा रस्ता दाखवला. पण तक्रार करायला धीर लागतो, आणि पैसे दिलेला माणूस त्याच गल्लीत राहतो. तिने तक्रार केली नाही.

अपघातग्रस्ताला पुढे मिळणारे हप्ते आजच्या रोख रकमेसाठी दुसऱ्याच्या हवाली होण्याचा हा व्यवहार आपल्याकडे गुपचूप होतो. अमेरिकेत तोच उघडपणे, कायद्याने आणि न्यायालयाच्या परवानगीने होतो. तिथे काय घडले ते आपण जरूर पाहावे, कारण परवानगी देणाऱ्या न्यायाधीशासमोरचा प्रश्न अगदी आपल्यासारखाच आहे.

तिथे मोठ्या दुखापतीच्या दाव्यात भरपाई एकदम न देता वर्षानुवर्षे हप्त्यांनी देण्याची पद्धत आहे. जीवन विमा कंपनीकडून वार्षिकी घेतली जाते आणि जखमी माणसाला ठरलेल्या तारखांना करमुक्त पैसे मिळत राहतात. १९८२ च्या कायद्याने या पद्धतीला करसवलतीचा पक्का पाया दिला. मग हे हप्ते विकत घेणाऱ्या कंपन्या निघाल्या. पुढच्या वीस-तीस वर्षांचे हप्ते आम्हाला द्या, आज रोख घ्या, अशा जाहिराती टीव्हीवर सुरू झाल्या. लूट व्हायला लागली तेव्हा १९९७ मध्ये इलिनॉय राज्याने अशा विक्रीला न्यायालयाची परवानगी सक्तीची केली. २००२ मध्ये केंद्रीय कायदाच झाला. न्यायालयाच्या मंजुरीशिवाय हप्ते विकत घेणाऱ्याला त्याच्या नफ्यावर, म्हणजे हप्त्यांची एकूण रक्कम आणि दिलेली किंमत यांतल्या फरकावर, ४० टक्के कर भरावा लागेल. मंजुरी देताना न्यायाधीशाने एक गोष्ट ठरवायची : अर्जदार आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे यांचे हित पाहता हा व्यवहार त्याच्या भल्याचा आहे का?

कागदावर यापेक्षा चांगली कसोटी मला सुचत नाही. तरीही ऑगस्ट २०१५ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने मेरीलँड राज्यातल्या बाल्टिमोर शहरातली जी प्रकरणे उजेडात आणली, ती वाचून झोप उडावी. तिथल्या जुन्या भाड्याच्या घरांच्या भिंतींना शिसे असलेला रंग होता. लहानपणी ते शिसे पोटात गेलेल्या मुलांच्या मेंदूवर कायमचा परिणाम झाला, त्यांना वाचायला-समजायला जड जाऊ लागले, आणि त्यासाठीच त्यांना हप्त्यांची भरपाई मिळाली होती. मोठी झाल्यावर तीच मुले गिऱ्हाईक झाली. एका तरुणीने २०१७ ते २०५२ या काळातले ४२० मासिक हप्ते विकले. त्यांची एकूण रक्कम सुमारे ५ लाख ७४ हजार डॉलर होती, आजच्या मूल्यात धरली तरी साधारण ३ लाख ३८ हजार. तिच्या हातात पडले ६३ हजारांहून कमी. या व्यवहाराला न्यायालयाची रीतसर मंजुरी होती.

न्यायाधीशांनी लाच घेतली, असा हा प्रकार नव्हता. अर्जदार बहुतेक वेळा न्यायालयात येतच नव्हता. कंपनीचा वकील कागद ठेवी, सोबत ‘स्वतंत्र सल्ला घेतला आहे’ असे पत्र असे, समोर विरोध करायला कोणी नसे, काही मिनिटांत आदेश होई. तो स्वतंत्र सल्लाही फोनवरच्या थोडक्या बोलण्यापुरता आणि केवळ देखाव्याचा होता, असा आरोप करून अमेरिकेच्या ग्राहक वित्त संरक्षण विभागाने २०१६ मध्ये दावा दाखल केला. शेजारच्या व्हर्जिनिया राज्यात एकाच न्यायालयात दूरदूरच्या माणसांचे असे शेकडो अर्ज मंजूर होत होते.

नंतर केलेल्या दुरुस्त्या पाहा. मेरीलँड आणि व्हर्जिनिया या दोन्ही राज्यांनी २०१६ मध्ये नियम कडक केले. भर कशावर दिला? अर्ज त्या माणसाच्या राहत्या भागातल्या न्यायालयात करावा आणि त्याने स्वतः न्यायाधीशासमोर यावे, यावर. मिनेसोटाने २०२२ मध्ये आणखी पुढे जाऊन अशी सोय केली की मेंदूला इजा झालेल्या अर्जदारासाठी न्यायालय स्वतः एक तटस्थ वकील नेमेल आणि तो व्यवहार तपासून अहवाल देईल. सगळी कसोटी, सगळा कर, सगळे नमुना अर्ज असूनही जे साधले नाही, ते साधण्यासाठी शेवटी माणसाला समोर उभे करावे लागले.

तिथे न पाहता होकार दिला जात होता, इथे न पाहता नकार दिला जातो. आणि कधीकधी इथेही न पाहता होकार दिला जातो. डोक्याला मार लागलेला एक तरुण आमच्या शाखेत येत असे. पंचविशीचा, शरीराने धडधाकट, पण सांगितलेले दहा मिनिटांत विसरायचा आणि सही करताना पेन धरून थांबायचा. प्रत्येक प्रश्नाचे उत्तर सोबतचा भाऊ द्यायचा. ‘घर दुरुस्तीसाठी’ म्हणून अर्ज झाला, कंत्राटदाराचे टाइप केलेले अंदाजपत्रक जोडले गेले, अर्ज मंजूर झाला आणि चार लाखांची पावती मोडण्याचा आदेश माझ्याकडे आला. आदेश पाळण्यावाचून मला मार्ग नव्हता. काही महिन्यांनी त्या भावाने नवी जीप घेतली आणि तिच्या कर्जाची चौकशी आमच्याच शाखेत केली, त्यावरून मला पुढचे कळले. त्या तरुणाला कोणी पाच मिनिटे एकट्याला बसवून ‘घराचे काय काय करायचे आहे’ एवढे विचारले असते, तरी आदेश वेगळा झाला असता.

आपल्या बोर्डावर रोज किती प्रकरणे असतात याची मला कल्पना आहे. निकाली निघालेल्या दाव्यातला किरकोळ अर्ज त्यात शेवटी लागतो, हे स्वाभाविक आहे. पण अशा अर्जाला साक्षीपुरावा लागत नाही, पाच-दहा मिनिटे लागतात. बाकीच्यांना बाहेर थांबायला सांगून चेंबरमध्ये तिला साधे प्रश्न विचारावेत : पैसे कशाला हवेत, कोणाच्या हातात द्यायचे आहेत, हे कोणी सुचवले, सध्या कोणाचे देणे आहे का, पावती कुठे आहे, एटीएम कार्ड कोणाकडे असते. शेवटचे दोन प्रश्न मी मुद्दाम घातले आहेत. मूळ पावती आणि कार्ड हजर करायला सांगितले, की सावकार आहे की नाही ते तिथल्या तिथे कळते. आणि देणे असल्याचे दिसले, तर तेवढ्यावरून अर्ज फेटाळू नका. त्या बाईला त्यातून सोडवण्यासाठी पावतीचा भाग मोडून देणे हेच अनेकदा तिच्या हिताचे असते. रक्कम आपल्यासमोर देऊन पावती, कार्ड आणि कोरा स्टॅम्पपेपर परत घेण्याचा आदेशही आपण करू शकता.

मंजुरी देताना पैसे शक्य तिथे थेट कॉलेजच्या, रुग्णालयाच्या किंवा विक्रेत्याच्या खात्यावर पाठवायला सांगा. बँकेला हे अजिबात अवघड नाही. उलट आदेशात खात्याचा तपशील असला तर आमचे काम सोपे होते. एप्रिल २०२५ मध्ये न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांच्या पीठाने, न्यायाधिकरणांत आणि कामगार न्यायालयांत भरपाईच्या मोठमोठ्या रकमा न नेता पडून आहेत हे पाहून, अर्जदाराचे बँक तपशील सुरुवातीलाच नोंदवून घ्यायला सांगितले. तीच शिस्त या अर्जांनाही लावता येईल.

मुळात सहा लाखांची एकच पावती करू नका. एक लाखाच्या सहा करा. सर्वोच्च न्यायालयाने तीस वर्षांपूर्वी सांगितलेली ही एवढी साधी गोष्ट निवाड्यात उतरली, तर निम्मे अर्ज ‘सगळे द्या किंवा काहीच नको’ या पेचात सापडणार नाहीत.

आता नवी वार्षिकी ठेव आली आहे, तिच्याबद्दल थोडे. दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशांतून तयार झालेली ही योजना सर्वोच्च न्यायालयाने ५ मार्च २०१९ च्या निकालात देशभर लागू करायला सांगितली. या ठेवीत रक्कम एकदा ठेवायची आणि ३६ ते १२० महिने मुद्दल व व्याज मिळून समान हप्ता घ्यायचा. त्याच सहा लाखांचा सात टक्क्यांनी दहा वर्षांचा हप्ता जवळजवळ सात हजार येतो, म्हणजे नुसत्या व्याजाच्या दुप्पट. घर चालवायला हे नक्कीच बरे. पण दहा वर्षांनी हातात शून्य उरते. नवरा गेला तेव्हा मुलगी आठ वर्षांची असेल, तर हप्ते संपतील तेव्हा ती कॉलेजात असेल. कोणाला साधी ठेव बरी, कोणाला वार्षिकी, कोणाला दोन्हींची मिसळ, हे वय, मुले, डोक्यावरचे छप्पर यांवर ठरते, आणि ते निवाड्याच्या वेळीच विचारून घ्यायला हवे. कारण ही ठेवसुद्धा मधेच मोडायची तर परवानगी आपलीच लागते.

अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलांच्या पैशांचा विषय वेगळ्या पत्राचा आहे. तरी इतके सांगते. सातबाऱ्यावर ‘अ.पा.क.’, म्हणजे मालक अज्ञान असल्याची, नोंद असलेली जमीन विकायला आई आली, तर न्यायालय विक्रीची गरज किंवा मुलाचा उघड फायदा तपासूनच परवानगी देते, हिंदू अज्ञानत्व व पालकत्वाच्या १९५६ च्या कायद्याने तसे बंधन आहे. मुलाच्या पावतीच्या बाबतीतही तीच नजर ठेवा. आणि मूल अठराचे झाल्यावर शाळा सोडल्याचा दाखला पाहून सगळी रक्कम त्याच्या हाती देण्याआधी त्यालाही एकदा बोलवा. अठराव्या वाढदिवसानंतर आठवड्याभरात मोटारसायकलच्या शोरूमचे कोटेशन घेऊन येणारी मुले मी पाहिली आहेत. मागे पालक नसतात, मित्र असतात.

आणि ज्यांना आपले म्हणणे मांडता येत नाही, त्यांच्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आपल्याच आवारात आहे. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रिया, मुले आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. मिनेसोटाने ज्या तटस्थ वकिलासाठी नवा कायदा केला, त्याची सोय आपल्याकडे आधीपासून आहे. डोक्याला मार लागलेल्या अर्जदाराच्या प्रत्येक अर्जात प्राधिकरणाच्या वकिलाने त्याला घरी जाऊन भेटावे आणि एक पानाचा अहवाल द्यावा, असा आदेश आपण उद्यापासून करू शकता. जो दाव्याचा वकील होता तोच रक्कम काढण्याच्या अर्जातही असेल, तर या अहवालाची गरज अधिकच.

आपल्या आदेशात यापुढे दोन ओळी वाढाव्यात : अर्जदार समक्ष हजर होती, आणि विचारल्यावर तिने असे असे सांगितले. मग अर्ज फेटाळला तरी तिला कारण कळेल, आणि वरच्या न्यायालयालाही कळेल.

प्रवेशांचे अर्ज जूनपासून येऊ लागतील. त्यांत विमा कंपनीचे म्हणणे मागवू नये आणि पहिलीच तारीख फी भरण्याच्या मुदतीच्या आतली द्यावी, ही विनंती.

आपली नम्र,
एक निवृत्त बँक अधिकारी